बंदुकीचा दस्ता आणि मामंजींचं नख

माझं माहेर खाडीपल्याडचं, दिघीचं. बाबा होड्या बांधायचे, म्हंजे मी लाकडाच्या भुशातच रांगले म्हणा ना, आणि लग्न झालं तं तेही सुतारांच्याच घरात, इकडं आगरदांड्याच्या बाजूला. पण काय सांगू तुम्हाला, लाकूड म्हंजे काय ते मला कळलं मामंजींचे डोळे गेल्यावर. सासरे हो माझे. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले. आमचे मालक टेंपो चालवतात, त्यांना रंध्याचा कंटाळा, मग हत्यारं आपली घरात पडून.

त्या साली गावातल्या आप्पांच्या बंदुकीचा लाकडी दस्ता फुटला. ठासणीची बंदूक, पुढनं दारू ठासायची, शेतातली डुकरं हाकायला त्यांच्या आजोबांच्या वेळचं लायसन. पण शिमग्याला पालखी सहाणेवर, म्हंजे तिच्या बसायच्या चौथऱ्यावर, आली की पहिला बार त्याच बंदुकीचा, तो झाल्याबिगर आमच्यात पालखी नाचवत न्हाईत. आप्पा आले, मामंजींना म्हणाले तात्या, आता कसं करायचं? मामंजी म्हणाले लाकूड हाय, सून हाय. मी चुलीपुढं होते, हातातली पळी हातातच राहिली माझ्या.

माळ्यावर शिसवीचा एकच ओंडका, मामंजींनी कधीचा सुकत ठेवलेला. हा बिघडला तं दुसरा न्हाय, ओलं लाकूड चालत न्हाय. आणि लायसनची बंदूक दुसऱ्याच्या घरी ठेवता येत न्हाय, म्हणून आप्पा रोज सकाळी बंदुकीची लोखंडी नळी घेऊन यायचे, ओटीवर बसून चहा प्यायचे, माझ्या हाताकडं बघायचे आणि सांजेला नळी घेऊन परत. एवढा मोठा माणूस, पण पोराला पहिल्यांदा शाळेत सोडल्यावानी तोंड करून बसायचा.

आता नळी लाकडात बसवायची कशी, मामंजींनी शिकवलं ते ऐका. दिव्याची काजळी तेलात कालवायची, नळीला फासायची, नळी लाकडावर दाबायची आणि उचलायची. जिथं काळं लागलं तिथं लाकूड अडतंय, तेवढंच पटाशीनं खरवडायचं. परत काजळी, परत दाबायची, परत खरवडायचं, आणि नळी हळूहळू खाली उतरते. मी तं येडीच झाले बघून. लाकूड आपणहून दाखवतं हो, इथं काढ, इथं नको! काजळ आपलं डोळ्यांत घालायचं, ते असं लाकडाच्या पोटातलं सांगंल असं कधी वाटलं न्हवतं मला.

आणि तिथंच माझं माहेर आडवं आलं. होडीच्या फळ्यांत बाबा बारीक फट ठेवायचे, कापूस आणि राळ भरायला, लाकूड पाण्यात फुगतं म्हणून. तेच माझ्या डोक्यात. मी नळीच्या दोन्ही अंगांना फट ठेवत गेले, शहाणपणानं बरं का, आणि अर्धी नळी उतरली तवा मामंजींनी बोट फिरवलं. नख आत गेलं. म्हणाले पोरी, हिला काय पाण्यात सोडायची हाय? बार उडाला की नळी मागं हाणते, फटीत हलली की लाकूड फुटलं, आणि लाकडाला गाल कोणाचा टेकलेला असतो? आप्पांचा चहा बशीत सांडला. मला रडूच फुटलं, एकच ओंडका, आणि शिमगा आठवड्यावर.

मामंजींनी ओंडका खालपास्नं चाचपला. मग ओंडक्याच्या पोटावर टिचकी मारून म्हणाले, खालचं लाकूड अजून कोरलं न्हाय, जीव हाय तिथं. नळी आणखी खोल ने, फट न ठेवता, आणि वरचा रुंद झालेला काठ रंध्यानं उतरवून टाक. आतलं आधी, बाहेरचा आकार शेवटी, असं ते कायम का म्हणायचे ते मला तवा समजलं. डोळ्यांनी मला जे दिसलं न्हाय, ते त्या माणसाला बोटानं दिसलं.

शिमग्याला मी सहाणेकडं गेलेच न्हाय, मामंजींजवळ ओटीवरच बसले. कान तेवढे तिकडं. बार उडाला, ढोल वाजले, पालखी नाचली, आणि आप्पा गुलालानं माखलेले तसेच बंदूक घेऊन आमच्या दारात. दस्ता अखंड. मामंजींनी मांडीवर घेतला, नळीच्या कडेनं नख फिरवलं, या टोकापास्नं त्या टोकापत्तर. कुठं अडकलं न्हाय. म्हणाले, सांधा सापडत न्हाय गं. बास, तेवढंच. माझ्या अंगावर काटा आला, आता सांगतानाबी येतोय, हा बघा.

आता असली कामं कुठं, बंदुका उरल्यात किती! मी पोळपाट करते, पाट करते, एखादा देव्हारा. पण काही झालं तरी आधी मामंजींच्या मांडीवर नेऊन ठेवते. ते नख फिरवतात आणि मी श्वास धरून उभी, अजून. देवाला एकच सांगते, डोळे नेलेस ते नेलेस, म्हाताऱ्याची बोटं तेवढी राहू दे रे बाबा.