दोन असरांमधला वेळ

दाऊदचाचा : नाय, आता बस झालं. तस्नीम, माझी पिशवी दे. मी रोह्याची एसटी धरतो.

तस्नीम : चाचा, थोडा वेळ थांबा ना. निघाले असतील ते.

दाऊदचाचा : निघाले असतील! त्यांची डोलवी काय दिल्लीला हाय? तुमच्या गल्लीतल्या मशिदीत असर, दुपारनंतरची नमाज, पढलो, तुझ्यासाठी दुवा मागितली आणि तसाच धावत आलो. बघतो तर नवरा नाय, वऱ्हाड नाय. मांडवात मी आणि भाड्याच्या खुर्च्या.

सगुणा : भाऊ, सरबत तरी घ्या. मी सगुणा, शेजारची. नवरीच्या हाताला मेंदी हाय, म्हणून मीच देते.

दाऊदचाचा : नको बाई. सरबत घशाखाली उतरायचं नाय. सहा वर्षांनी भावाच्या घरात पाय ठेवला. तोही भाऊ गेल्यावर. आणि पोरीच्या सासरच्यांनी ही किंमत केली.

सगुणा : सहा वर्षं? का ओ? रोहा काय लांब हाय?

दाऊदचाचा : माझ्या मेव्हण्याचा मुलगा आणला होता हिच्यासाठी. चांगला, कमावता, आपल्याच माणसांतला, आपल्यासारखाच शाफई. ही नाय म्हणाली आणि भावानं हिचं ऐकलं. मग मीही बोललो, तुझ्या दारात परत येणार नाय.

सगुणा : आणि खरंच नाय आलात?

दाऊदचाचा : भावाच्या जनाज्याला आलो. मागच्या रांगेत उभा राहिलो आणि निघून गेलो.

तस्नीम : मला माहीत होतं, चाचा. तुमची छत्री राहिली होती मशिदीच्या पायरीवर. अम्मीने जपून ठेवलीय.

दाऊदचाचा : ती इथं हाय होय? मी दोन पावसाळे शोधतोय.

सगुणा : अगो बाय, ह्या टोपलीत काय खुडखुडतंय?

दाऊदचाचा : चिंबोऱ्या. सकाळी खाडीवरनं ताज्या आणल्यात. पुतणीच्या लग्नाला रिकाम्या हातानं येऊ? म्हटलं, जावयाला पहिलं जेवण आपल्या हातचं.

तस्नीम : चाचा, ते... चिंबोरी खात नाहीत. हनफी आहेत ना. त्यांच्याकडे मासा चालतो, चिंबोरी नाही.

दाऊदचाचा : घ्या! म्हणजे वेळ पाळायची नाय आणि चिंबोरीही खायची नाय! अशा घरात तू कशी नांदणार गो? तुझा बाप चिंबोरीच्या नांग्या फोडताना आजूबाजूला काय चाललंय ते विसरायचा.

तस्नीम : अफरोजला मी विचारलंय. तो म्हणाला, तुझ्या मजहबात, म्हणजे शाफई रीतीत, चालतं ना, मग तू खा. मी समोर बसून वरणभात जेवतो.

सगुणा : हे शाफई-हनफी काय असतं ओ भाऊ? मी तुमच्या भिंतीला भिंत लावून राहते, पण कधी विचारलं नाय.

दाऊदचाचा : कुराण एकच, नमाज एकच. पण बारीकसारीक गोष्टी कशा करायच्या, ते मोठ्या इमामांनी आपापल्या अभ्यासानं सांगितलं. आम्ही कोकणातले इमाम शाफईंच्या वाटेनं जातो. हे उत्तरेकडनं कंपनीत कामाला आलेले लोक इमाम अबू हनीफांच्या. दोन्ही वाटा खऱ्या.

सगुणा : म्हणजे आमच्यात कोणाचा गणपती दीड दिवसाचा, कोणाचा पाच दिवसांचा, तसंच की. दीडवाला पाचवाल्याशी भांडायला जात नाय.

दाऊदचाचा : भांडत मीही नाय, बाई. फक्त एसटीनं घरी जातोय. तस्नीम, पिशवी.

तस्नीम : चाचा, तुम्ही गेलात तर माझा निकाह कसा होईल? अब्बा नाहीत, आजोबा नाहीत, मला भाऊ नाही. माझे वली तुम्हीच.

सगुणा : वली म्हंजे?

तस्नीम : मुलीच्या वतीने निकाह लावून देणारा, मावशी. आधी बाप. तो नसला तर बापाच्या बाजूचा जवळचा पुरुष. आमच्या शाफईंत वलीशिवाय निकाहच होत नाही.

दाऊदचाचा : मग त्यांना सांग, वलीला ताटकळत ठेवू नका. त्यांच्यात वलीला काय कोणी विचारत नाय वाटतं?

तस्नीम : खरंच तसं लागत नाही, चाचा.

दाऊदचाचा : म्हणजे?

तस्नीम : त्यांच्या इमामांनी मला सांगितलं होतं. मुलगी सज्ञान आहे, मुलगा तोलामोलाचा आहे, दोन साक्षीदार आहेत. तिने स्वतः कबूल केलं की हनफींत निकाह होतो. चाचाकडे जायची गरज नाही, तो भांडलेला आहे, उगाच अपमान करून घेऊ नकोस, असं अम्मीसुद्धा म्हणाली.

दाऊदचाचा : हे तुला ठाऊक होतं?

तस्नीम : हो.

दाऊदचाचा : रोह्याला माझ्या दारात येऊन उभी राहिलीस त्याच्या आधीपासनं?

तस्नीम : आधीपासून.

दाऊदचाचा : मी तुला पाणीसुद्धा विचारलं नव्हतं.

तस्नीम : चाचीने मागच्या दाराने दिलं.

दाऊदचाचा : मग आलीस कशाला गो? एका दिवसापुरती हनफी झाली असतीस तर मला बोलायला जागा नव्हती.

तस्नीम : फजरच्या, पहाटेच्या नमाजात कुनूतची दुवा मी अब्बांच्या मागे उभी राहून शिकले. हनफी फजरला ती पढत नाहीत. आजही सकाळी पढले, तेव्हा अब्बा पुढे उभे आहेत असंच वाटलं. लग्नाच्या दिवशी, सोयीचं आहे म्हणून ते सोडून कुठे जाऊ? आणि चाचा, अब्बांच्या जागी मला माणूस हवा होता. मजहबात त्या जागेवर तुम्ही आहात. भांडण झालं म्हणून ती जागा दुसऱ्या कोणाची होत नाही.

सगुणा : भाऊ, सरबत घ्या आता.

दाऊदचाचा : द्या. ... भाऊ गेला तेव्हा बाई, मला वाटलं, आता मी कोणाचाच भाऊ नाय. रोह्यात कोणी त्याचं नाव काढलं तर मी उठून जायचो. ही पोरगी आली, म्हणाली, वली व्हा. रात्रभर झोप नाय. दार त्यानं लावलं, मीही लावलं, आणि आमच्या इमामांनी ते किती शतकांपूर्वीच उघडं ठेवलेलं.

तस्नीम : चाचा, रडू नका ना. माझं काजळ जाईल.

दाऊदचाचा : रडतोय कोण? सरबतात लिंबू जास्त हाय.

(दूरच्या मशिदीतून अजान ऐकू येते.)

सगुणा : ही घ्या, नाक्यावरची दुसरी बांग झाली. पहिलीला मी दूध तापवते, दुसरीला चहा टाकते.

तस्नीम : या अल्लाह! चाचा! माझीच चूक. मी सगळ्यांना एकच सांगितलं, निकाह असरनंतर.

दाऊदचाचा : मग?

तस्नीम : आपली असर लवकर होते, हनफींची उशिरा, ही बांग त्यांचीच. तुम्ही आपल्या असरनंतर आलात. ते आता त्यांची असर पढून निघतील!

दाऊदचाचा : म्हणजे मी तासभर ज्यांच्या नावानं खडे फोडतोय, ते वेळेवरच हायत?

तस्नीम : अगदी वेळेवर.

दाऊदचाचा : अल्हमदुलिल्लाह! बरं झालं घोळ घातलास. ते आधी आले असते तर मी निकाह लावून, जेवून, परत गेलो असतो. हे काहीच कळलं नसतं. सगुणाबाई, ती पिशवी आत ठेवा. आणि चिंबोऱ्यांवर ओलं फडकं टाका, उद्या हिची अम्मी कालवण करेल. मीही थांबतो.

(अर्ध्या तासानंतर.)

सगुणा : गाड्या वळल्या गो गल्लीत!

दाऊदचाचा : थांब, बाय. बाहेर जायच्या आधी वलीनं विचारायचं असतं. तस्नीम, अफरोजशी तुझा निकाह लावून देऊ? तुझी मर्जी हाय?

सगुणा : अगो, बोल ना! गप काय बसलीस?

दाऊदचाचा : असू दे, सगुणाबाई. आमच्यात कुवारी मुलगी लाजून गप्प राहिली तरी ते हो धरतात.

तस्नीम : गप्प राहिलं तरी चालतं, चाचा, ठाऊक आहे. पण मागच्या वेळी स्थळ आणताना मला कोणी विचारलं नव्हतं. आज तुम्ही विचारलंत, म्हणून तोंडाने सांगते. हो.