जाळीवरचा हार

माझं नाव सिंधू. माहेर सायखेड्याचं, गंगेच्या, म्हंजे गोदावरीच्या काठाला आमचा मळा, झेंडू आन शेवंती, आन बाप असा तापट का बैलानं शिंग हलवलं तर त्याच्या तोंडावर ठोसा मारायचा, स्वतःचाच हात सुजवून घ्यायचा, आन मंग त्या सुजल्या हाताचा राग आईवर काढायचा. मी त्याच्यावर गेलीय. काय सांगू तुम्हाला ताई, लहानपनी म्या दादाचं डोकं तांब्यानं फोडलं व्हतं, दादा म्हंजे माझा थोरला भाऊ, मळा आता तोच बघतो, त्याच्या कपाळावर टाक्यांची खून अजून हाय. आन कशावरून, तर म्या ओवलेला हार त्यानं तोडला म्हनून. हार मला लय चांगला ओवता येतो. तुम्ही हातरुमाल कशाला काढला, अजून रडायचं काय सांगितलंच नाय.

लग्न करून नाशकात अंबडला आले. आमचे हे टेम्पो चालवतात. लग्नाच्या पयल्या वर्षी ह्यांनी मला मारलं, एकदाच, म्या लाटनं उचललं आन ह्यांचा पुढचा दात पाडला. तव्हापासून आमचं लय चांगलं चाललंय. हसू नका, खरंच चांगलं चाललंय, हे मला पुढं जेवायला बसवतात आन मंग स्वतः बसतात.

तर मी एमआयडीसीत एका शेडमध्ये प्रेसवर लागले. शेड बारकं, मानसं सहा-सात, ईएसआय नाय न बिएसआय नाय, कामगार विमा कसलाच नाय. काम असं का पत्र्याची पट्टी साच्यावर ठेवायची, पायाखालचं पेडल दाबायचं, वरून ठोकळा येतो दन्नकन, पट्टी वाकली का काढायची, दुसरी ठेवायची, पुन्ना दन्नकन. दिवसभर तेच. सुरुवातीला रात्री झोपेतपन माझा पाय उडायचा, हे म्हनायचे लाथा मारती. आन मला सांगू का, मला ते काम आवडायचं. एवढ्या जोरात कायतरी हानायचं आन कोनी बोलायचं नाय, उलट पगार द्यायचा, माझ्यासारखीला आनखी काय पायजे.

हात आत राहू नये म्हनून प्रेसच्या तोंडाला एक लोखंडी जाळी असती, चार कोपऱ्यांत चार बोल्टांनी बसवलेली. ती असली का माल हळू निघतो. शेठ म्हनायचा ही काय लग्नातला अंतरपाट हाय का, काढा ती. मंग दसऱ्याच्या आधी आमच्या सुपरवायझरनं, पोपटनं, ती पान्यानं खोलून काढली. पोपट तसा देवभोळा मानूस, शेठनं सांगितलं का मान खाली घालायची, एवढंच त्याला ठावं.

खंडेनवमीला मशिनींची पूजा. हार दरसाली मीच करायची, दादाच्या मळ्यातून झेंडू आनायची आन द्राक्षबागेत बांधायची ती हिरवी सुतळी, तिच्यात ओवायची, दोरा मला नाय जमत, तुटतो. त्या साली पोपटनं ती काढलेली जाळीपन धुतली, भिंतीला टेकवली, म्हनला सिंधूताई, हिलापन घाला हार, हीपन अवजारच हाय. आता जाळीला गळा कुडं असतो. तिच्या चार कोपऱ्यांची ती बोल्टाची भोकं, त्यातूनच सुतळी ओढली, मागं गच्च गाठ मारली, मधी फुलं पसरली, पोपटनं हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, शेठनं पेढे वाटले. दसऱ्याचा हार आमच्या शेडमध्ये पुढच्या दसऱ्याशिवाय उतरवत नसत. वाळू दे, गळू दे, तसाच राहनार. काढला तर धंद्याला वाईट म्हने.

दिवाळी झाली. दुपारची येळ व्हती, पट्टी साच्यात तिरकी बसली म्हनून म्या उजव्या हातानं सरळ करायला गेले आन पेडल दाबलं का ते आपोआप सुटलं ते मला आजपन सांगता येनार नाय. आवाज तोच आला, दन्नकन, रोजचा. म्या हात मागं घेतला तर हात हलका लागला. अंगठा व्हता. बाकी चारी बोटं साच्यात, पत्र्यासंगट वाकलेली. म्या आधी किंचाळले नाय ताई, आधी म्या शिवी दिली, मशिनला, आईवरून, आन डाव्या हातानं पाना उचलून त्या मशिनला मारत सुटले, रगत सगळ्या अंगावर, पोपट माझ्या कमरेला मिठी मारून ओढतोय आन मी त्यालापन मारतीय. त्याच्या खांद्यावर बसला पाना. हे ध्यानात ठेवा, पुढं कोर्टात हाच पाना निघाला.

दवाखान्यात शेठ सफरचंदं घेऊन आला, लय गोड बोलला. पन भरपाईचं नाव काढलं का गायब. मंग शेजारनीनं एका वकीलबाईकडं नेलं, कामगारांच्या केसा लढवती, जाड चष्मा, आवाज बारीक. तिनं दावा लावला, आन तिनंच मला एकेक शब्द शिकवला. पयला शब्द, नोकरीच्या ओघात. म्हंजे कामावर असताना आन कामामुळं लागलं पायजे. म्हनलं ओघात कसला बाई, ओघळात म्हना, एवढं रगत गेलं. दुसरा, अंशतः कायम अपंगत्व. कायम म्हंजे बोटं परत येनार नाय, हे मला कळलं. अंशतः म्हंजे काय, तर थोडं. म्या टेबलावर हात आपटला, हा तुटका हात, अजून पट्टी व्हती, आन ठनका मस्तकात गेला. थोडं? भाकरी थापता येत नाय, येनी घालता येत नाय, धुनं पिळता येत नाय, आन थोडं? ती बाई घाबरली नाय, म्हनली, सिंधूताई, कायदा तुमचा हात बघत नाही, तुमची कमाईची क्षमता किती कमी झाली ते बघतो, त्याचे टक्के ठरलेले असतात. मानसाचे टक्के.

आन मंग तिनं तो शब्द सांगितला ज्याच्यापायी म्या रात-रात तळमळले. शेठनं कोर्टात लिहून दिलं व्हतं का जाळी त्या दिवशी सकाळी मशिनवर बसवलेली व्हती, या बाईनं लवकर काम उरकाया स्वतः पान्यानं खोलली. जानूनबुजून सुरक्षेचं साधन काढलं. हे जर कोर्टानं मानलं, तर एक रुपया मिळनार नाय, आन कागदावर कायमचं लिहिलं जाईल का सिंधूनं आपला हात आपन तोडला. म्हनलं मंग जी मरती तिच्या घरच्यांनाबी असंच म्हनतात का. तर वकीलबाई चष्मा पुसत म्हनली, नाही, कामगार मेला किंवा पूर्ण अपंग झाला तर मालकाला हे कारण सांगता येत नाही. फक्त तुमच्यासारख्या अर्धवट राहिलेल्यांनाच सांगता येतं. म्हंजे बघा. म्या मेले असते तर खोटं बोलायची सोय नव्हती. चार बोटांवर सुटले म्हनून मी खोटी.

त्याच महिन्यात दोन मानसं घरी आली. दावा मागं घे म्हनली, ह्यांची कॉलर धरली, ह्यांना उंबऱ्यावर पाडून तोंडात बुटाच्या लाथा घातल्या, आधीच एक दात कमी आन अजून दोन पाडले. म्या आत भाकरी करत व्हते, म्हंजे डाव्या हातानं कशाबशा. तापलेला तवा तसाच उचलला आन एकाच्या कानाखाली लावला. चर्र आवाज आला. तो किंचाळत गल्लीतनं पळाला आन दुसरा त्याच्या मागं. ताई, खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मला पयल्यांदा कळलं का डावा हातपन आपलाच हाय. वकीलबाईनं मात्र लय झापलं. म्हनली तुमचा रागच त्यांना हवाय, तुम्ही कोर्टात एकदा भडकलात का त्यांचं काम झालं. मी विचारीन तेवढंच बोलायचं. हो किंवा नाही.

उलटतपासनी म्हंजे काय ते तुम्हाला सांगते. जखमेत कोनीतरी बोट फिरवायचं आन तुम्ही साहेब म्हनायचं. शेठचा वकील गोरापान, हळू बोलनारा. तुम्ही नवऱ्याचा दात पाडला हे खरं का. हो. भावाचं डोकं फोडलं. हो. सुपरवायझरला पाना मारला. हो. तुम्ही कोणाचं ऐकत नाही. म्हंजे शेठनं सांगितलं जाळी काढू नका तरी तुम्ही काढली असणार. नाय. माझी वकीलबाई माझ्याकडं बघतीय, डोळ्यांनी बस म्हनतीय, माझ्या कानात प्रेस चालू, दन्नकन, दन्नकन.

मंग तो म्हनला, साहेब, ती जाळी आम्ही आणलीय, या बाईंनी दाखवावं ती किती सोपी निघते. मागच्या बाकावर पोपट बसलेला, तो उठला, त्याच्या हातात गोनी. जजसाहेबांच्या टेबलापुढं त्यानं जाळी बाहेर काढली. आन ताई, तिच्यावर माझा हार. वाळून काळा पडलेला, पन हार. पोपटनं दसऱ्याचा हार तोडला नव्हता, तसाच गोनीत घातला व्हता, वर्षाच्या आत कसा काढनार.

फुलांचा चुरा टेबलावर पडला. वकील म्हनला हा कचरा काढा आधी, आन त्यानं हारात बोट घातलं, ओढायला. माझ्या डोळ्यांपुढं दादा आला, लहानपनचा, हार तोडनारा. म्या कठड्यावरून अर्धी बाहेर आले. वरडले, हात लावू नको, तुझं मुंडकं पिरगाळीन, हार माझा हाय, म्या ओवलाय! शिपाई धावला. साहेब खवळले, बाई, तुम्हाला आत टाकू का. शेठ मागं हसला, म्या बघितलं त्याला हसताना. मला वाटलं संपलं. एवढं सगळं सोसून आपल्याच तोंडानं मातीत घातलं.

पन माझी वकीलबाई उभी राहिली. तिचा बारीक आवाज. म्हनली, साहेब, वस्तू आहे तशीच राहू द्या, माझ्या अशिलाला एकच प्रश्न विचारायची परवानगी द्या. सिंधूताई, हा हार तुम्ही कधी घातला. म्हनलं खंडेनवमीला, पोपटला इचारा. तिनं जाळी साहेबांकडं वळवली, सुतळीवर बोट ठेवलं, चारी भोकं एकेक करून दाखवली, बास. साहेबांनी चष्मा लावला, वाकून बघितलं, लय येळ बघितलं. बोल्टाच्या भोकात माझी सुतळी, मंग हात गेला त्या सकाळी बोल्ट कुडं व्हते? मला तर तव्हा कळलं. तोवर मी नुसती हारापायी भांडत व्हते.

पुढच्या तारखेला पोपट पिंजऱ्यात. शेठचाच साक्षीदार. वकीलबाईनं त्याच्यापुढं जाळी ठेवली, म्हनली, पूजेच्या या हाराकडं बघून सांगा, दसऱ्यानंतर जाळी मशिनवर कधी बसवली. पोपटनं शेठकडं बघितलं, हाराकडं बघितलं. आन रडाया लागला. म्हनला, नाय बसवली, म्याच काढली, शेठनं सांगितलं म्हनून. शेठ जागेवरून उठला आन कोर्टाच्या बाहेर व्हरांड्यात त्यानं पोपटला असा मारला का त्याचं नाक फुटलं. म्या बघत उभी. मधी पडले नाय. एक मन म्हनत व्हतं अजून मार.

निकाल आमच्या बाजूनं लागला. शेठ म्हनला हायकोर्टात बघून घेतो. तव्हा मी शेवटचा शब्द शिकले, अपील. वकीलबाई म्हनली घाबरू नका, अपील म्हणजे पुन्हा पहिल्यापासून मारामारी नव्हे, कोण खरं कोण खोटं हे तिथं परत उकरत नाहीत, कायद्याचा काही मोठा प्रश्न असेल तरच ऐकतात, आणि आधी सगळी रक्कम कोर्टात भरावी लागते. शेठनं भरली, दात-ओठ खात भरली. अपील मुंबईला पडलंय अजून. पडू दे. कागदावर आता लिहिलेलं हाय का जाळी सिंधूनं काढली नाय. माझा हात मशिननं खाल्ला, म्या नाय तोडला. मला एवढंच पायजे व्हतं, बाकीचं ह्यांना पायजे व्हतं.

आता मी दादाच्या मळ्याच्या तोंडाशी, रस्त्याला, हाराचं दुकान टाकलंय. फूल अंगठ्याखाली दाबायचं, डाव्या हातानं दाभन घालायचं, हळू व्हतं पन व्हतं. दसऱ्याला शेडवाले येतात. हार मागितला का मी आधी इचारते, जाळी कुडं हाय? कोनी म्हनलं भिंतीला हाय, का त्याला अशा शिव्या देते का तो पुढच्या दुकानात जातो. दादा म्हनतो गिऱ्हाईक तोडती. तोडू दे.

औंदाच्या दसऱ्याला पोपट आला. शेठनं त्याला काढलं, आता दुसऱ्या शेडमध्ये असतो, नाक वाकडंच राहिलंय. म्या शपथ घेतलेली, हा दिसला का डोकं फोडायचं. सुतळी तोडायचा कोयता हातातच व्हता, मी उठले. दादा वरडला, सिंधू! पोपट जागचा हलला नाय. नुसता म्हनला, ताई, बसवली, चारी बोल्ट टाकले, मंगच आलो.

म्या कोयत्यानं सुतळी तोडली आन हार त्याच्या हातात दिला. शिव्या दिल्या, पन हारापाठोपाठ. भोकातून ओवू नको म्हनलं, वरून टाक.

घ्या, हा गजरा तुम्हाला, पैसे नको. दोनी हातांनी माळा केसात, दहाच्या दहा बोटांनी. अशीच राहू देत तुमची.