पिवळी रेघ

वाशीमच्या स्टँडवर अनसिंगच्या बसची वाट पाहणाऱ्या पौर्णिमाच्या शेजारी एक म्हातारं जोडपं बसलं होतं. दोघांची नजर समोरच्या रस्त्यावरच्या नव्या लोखंडी पादचारी पुलावर होती. रंगारी वर चढले होते. पौर्णिमानं मोबाइल नुसताच कानाला लावला होता.

"आपल्या संघपालच्या रेघा जातीन आता."

"कोन्त्या रेघा?"

"बोल्ट पक्का कसला, की तो त्याच्यावर पिवयी रेघ मारे. रेघ दिसली का बिनघोर चाल, माय, म्हने."

"साऱ्या बोल्टायले हाये."

"मधातल्या एकाले नवती."

"तो बी त्यानंच कसला व्हता. रेघ माराले वाकला, अन् तिथूनच खाली..."

"माहीत हाये मले. नका सांगू."

पुलावरचे रंगारी मधल्या भागाकडे सरकले.

"रंगारी मले सांगत व्हता, त्या बोल्टले कोनीतरी हयदीची रेघ मारली म्हने."

"मारली असंन कोनी."

"संघपालची माय, तुहं बोट दाखव."

"भाजीची हयद हाये."

"सकायपासून आपल्या घरी चूल पेटली नाही."

अनसिंगची बस लागली. पौर्णिमा उठली नाही.

"एवढी एकच रेघ राह्यली व्हती त्याची."