तापलेला मध आणि मामंजी

विषाची चव कशी असते, ते आमच्या मामंजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना विचारायचं! बाहत्तरच्या दुष्काळाआधीची गोष्ट. आमची वस्ती राहुरीजवळ. ग्रामसेविकाबाईंनी आम्हा बायकांना शिकवलं, की गाजर-भोपळ्याला मध लावून चुलीतल्या निखाऱ्यांच्या आरावर भाजा, भाकरीसोबत तोंडी लावायला पौष्टिक. मी नवी सून, हौसेनं केलं. मामंजींनी चार गाजरं खाल्ली आणि सासूबाईंनी किंचाळून ताटच ओढलं.

"मध तापिवलास? अगं, तापला की त्याचं इख हुतं!"

झालं! मामंजींना बाजेवर आडवं केलं, घशात वाटीभर तूप ओतलं. सगळी वस्ती गोळा झाली. एकजण सायकल काढून नेवाशाला, मामंजींच्या लेकीला आणायला निघालासुद्धा. मी कोपऱ्यात रडतेय.

शेजारच्या नानांनी हळूच विचारलं, "दादा, काय इच्छा ऱ्हायलीय का?"

मामंजींनी डोळे उघडले. "म्हंजी मी मरनारच व्हय?"

"आता आपल्या हातात काय हाय?"

"मग ताट कशाला उचललं? आना हिकडं! आन सूनबाई, फुडच्या बारीला मध जरा जास्त लाव."