उष्टं बिस्कीट

नाही हो डॉक्टर, बाहेरचं नाही — बाहेरचं मी पाणीसुद्धा पीत नाही, जन्मभर रसायनशास्त्र शिकवलंय, माणसाच्या हातावर काय काय असतं ते मला नका सांगू — घरचंच खाल्लं. म्हणजे घरचंच, पण... ते दार जरा लोटता? सून बसलीय बाहेर, नातीला घेऊन.

तर ती नात. दहा महिन्यांची. हल्ली तिला देण्याचं खूळ लागलंय. तोंडातलं बिस्कीट काढायचं — लाळेनं निथळणारं, मुठीत दाबून चिखल झालेलं, त्यात सतरंजीवरचा एखादा केस — शी, सांगतानाही मळमळतं — आणि हात लांब करून माझ्यापुढं धरायचं. सून म्हणते, बाबा, तिला बोलता कुठं येतंय, म्हणून देते. बरं, देऊ दे. पण मलाच का? घरात आणखी दोन धडधाकट माणसं आहेत. मी कधी कुणाचं उष्टं खाल्लं नाही, बायकोचंसुद्धा नाही — ती अर्धं फळ पुढं करायची, मी दुसरं कापून घ्यायचो. मग तिनं पुढं करणंच सोडलं. असो, ती गेली, तो विषय नाही — तुम्ही पोटाचं विचारत होतात.

खाल्ल्याचं नाटक? केलं की. रुमालात लपवलं. पण ती पोर तोंडाकडं बघत बसते हो, गिळलं की नाही — परीक्षेतल्या पर्यवेक्षकासारखी. रुमाल दिसला तिला. मग दोन दिवस माझ्याकडं हात म्हणून केला नाही. सिलिंडर घेऊन आलेल्या माणसाला दिलं, मला नाही. हसा, हसण्यासारखंच आहे. तिसऱ्या दिवशी मीच तिच्यासमोर आ वासून बसलो, या वयात, चिमणीच्या पिल्लासारखा. तेव्हापासून गिळतोय. बिस्कीट, केळ्याचा लगदा, काल तर — काय होतं कोण जाणे, मऊ होतं. किळस येते हो, अंगावर काटा येतो. माझंच काही चुकतंय का, तेही कळत नाही.

गोडीत नाही म्हणू? तुम्ही म्हणून बघा तिला. हात तसाच राहतो थोडा वेळ, हवेत. मग खाली जातो. ते बघवत नाही — म्हणजे, पुन्हा वर येईल की नाही, याची काय खात्री?

कोण ढकलतंय दार — अगं, तिला आत कशाला आणलंस, आलोच असतो मी... झालं. आला हात.

डॉक्टर, तुम्ही गोळ्या लिहा. खाली मान घालून लिहा जरा.