कुरडयांचं ॲप अन् आमचा जावई

हसायचं न्हाई बरं का. धोंड्याच्या महिन्यात जेवायला बोलावलेला जावई परत कधी जाणार, हे विचारायची आपल्यात रीत न्हाई. म्हणून आमचा नातजावई आल्ता तो राहूनच गेला. कंपनीचं काम घरूनच करतो म्हणे.

आम्ही बाया चतुर्थीला राजूरच्या गणपतीपाशी कुरडया विकतो. बाकीचा महिना माल पडून राहतो. गिऱ्हाइकानं घरबसल्या मागवावं म्हणून जावई ॲप करायला बसला.

नात म्हणाली, "अहो, साधी वेबसाइट करा. कुरडईसाठी कोण ॲप घेऊन ठेवतंय?"

"ॲपच बराबर. एकदा फोनात बसलं की हलत न्हाई."

म्हटलं, आधी माझ्या फोनात बसवा. जागा न्हाई म्हणून त्यानं माझी भजनं काढून टाकली. आत शिरल्याबरोबर ॲप विचारतंय, फोटो पाहू का, कोणाकोणाचे नंबर आहेत बघू का, तुम्ही आत्ता कुठं आहात. दुसऱ्या दिवशी म्हणतंय, मला नवं करा.

मी नातीला विचारलं, "अन् वेबसाइट कशी असती गं?"

"ती काम झालं की निघून जाते, आजी."

"मंग जावईबापू, तीच करा. जागा अडवणारं, चौकशा करणारं अन् रोज नवं मागणारं एक हाय की घरात."

नात तोंड दाबून आत पळाली.

वेबसाइट झाली. कुरडया बराबर खपून राह्यल्या. शेवटी रीत सोडून मी विचारलंच, "बापू, आता निघायचं कधी?"

"कसं निघू, आजी? वेबसाइटवर रोज लक्ष ठेवावं लागतं."