उरलेल्या तीन तारा

माननीय अध्यक्षा श्रीमती हॅलोरन, व्यासपीठावर विराजमान लुंडक्विस्टसाहेब, वाद्यवृंदातील वादकमंडळी, बर्फ तुडवत आलेले डेट्रॉइटचे रसिक, आणि आजच्या उत्सवमूर्ती कोरीन टॅलमॅज,

निरोपाच्या भाषणात उत्सवमूर्तीचे दोष काढू नयेत असा संकेत आहे. कोरीनबाईंचा दोष मात्र जगजाहीर आहे: आठवडाभर इथे सेलोवर लिहिलेलं वाजवायचं आणि शनिवारी जॅझ क्लबात न लिहिलेलं, म्हणजे निव्वळ उपजेचं. मी वर्तमानपत्रात दोन्हींवर लिहीत आलो आणि दोन्हींकडच्या शिव्या समदृष्टीने स्वीकारल्या.

आज त्या इथून निवृत्त होताहेत. पण त्या इथे टिकल्याच कशा, हे नव्या मंडळींना ठाऊक आहे का?

नव्या वादकाला परीक्षाकाळ असतो. तो संपला की सहवादकांची समिती त्याला ठेवायचं की नाही हे ठरवते. ज्या दिवसाची ही गोष्ट, त्या दुपारी कोरीनचा निकाल लागायचा होता. समितीत दोघं तिच्या बाजूने, दोघं विरुद्ध. पाचवे लुंडक्विस्टसाहेब, सेलोवादकांचे प्रमुख, तिच्याच शेजारी बसणारे. "क्लबातली सवय हाताला लागते," असं ते कॅन्टीनमध्ये मोठ्याने म्हणत. (साहेब, मान हलवू नका. मी पलीकडेच सूप पीत होतो.) त्याच दिवशी सकाळच्या सरावाला एकट्याने वाजवायचा तुकडा त्यांनी मुद्दाम तिला दिला. खरी परीक्षा ती!

जानेवारी महिना. हीटरच्या कोरड्या हवेत सेलोच्या तारा ताणून धरणाऱ्या खुंट्या आकसतात. ऐन तुकड्यात एक खुंटी सुटली आणि सर्वांत उंच तार ढिली पडली. अशा वेळी रीत काय? शेजाऱ्याने आपला सेलो पुढे करायचा, वाजवणाऱ्याने तो घ्यायचा. साहेबांनी केला. कोरीनने पाहिला. घेतला नाही.

उरलेल्या तीन तारांवर धून सप्तकभर खाली उतरली, लिहिलेल्या वळणाला न लिहिलेलं वळण भेटलं, आणि बासरीने जिथे उचलायचं नेमकं तिथे तिने आणून सोडलं.

वाद्यवृंदाचे संचालक दोबोश यांनी छडी खाली ठेवली.

"बाई, हे संगीतकाराने लिहिलंय?"

"नाही, साहेब. त्यांनी चार तारा धरून लिहिलंय."

कुणी हसलं नाही. शेजाऱ्याचा सेलो नाकारणं म्हणजे चारचौघांत अपमान, आणि ज्याचा अपमान झाला त्याच्याच हाती निकाल! साहेबांनी पुढे केलेला सेलो सावकाश मागे घेतला.

आपल्याला माहीतच आहे, हातात वाद्य असलं की वादक टाळ्या वाजवत नाही, बुटाचा तळ जमिनीवर घासतो. त्या सकाळी पुढच्या रांगेत आधी एकच बूट घासला. साहेबांचा! मागोमाग सगळ्या रंगमंचाची करकर.

"दिलेला सेलो घ्यायचा असतो, पोरी," ते तिच्याकडे न बघता पुटपुटले.

"त्याच्यावर तुमचंच ऐकू आलं असतं."

"उद्धट आहेस."

"शनिवारी या. तिथे आणखी आहे."

दुपारी तिला तीन मतं पडली. शनिवारी साहेब क्लबाच्या दाराशी कोट न काढता उभे होते आणि येईल त्याला सांगत होते, बाहेर गाडी लावायला जागा मिळाली नाही, म्हणून जरा आत आलो. पुढे कित्येक वर्षं दर शनिवारी त्यांना जागा मिळाली नाही.

मला बोलू दिलंत, मंडळाचा ऋणी आहे. जिभेने काही आगळीक केली असेल तर लुंडक्विस्टसाहेबांसह आपण सर्वांनी ती पोटात घालावी.